भूत राहू द्या, आधी पाय हलवा

कादंबरीतल्या नायकाला भूत दिसलं की तो जिवाच्या आकांताने पळत सुटतो. लेखकाचं काम तेवढ्यावर भागतं. कोणता पाय आधी उचलला, किती अंशांत वळला, मध्ये खुर्ची आडवी आली तर तिला वळसा घातला की तिच्यावर आपटला, हे कुणी विचारत नाही. सिनेमातही सोपंच. दिग्दर्शक ‘पळ’ म्हणतो आणि नट पळतो, कारण नटाला स्वतःचे पाय असतात आणि त्या पायांचे पैसे आधीच ठरलेले असतात. व्हिडिओ गेमवाल्यांची पंचाईत अशी, की त्यांच्या खेळात घाबरणारा एक आणि पळणारा दुसरा. घाबरणारा सोफ्यावर मांडी घालून बसलेला, बोटांना चिवड्याचं तेल लागलेलं. पळणारा पडद्यावर. दोघांच्या मध्ये दहा-बारा बटणं. भूत आलं की सोफ्यावरच्याने किंचाळायचं आणि पडद्यावरच्याने धावायचं. या दोन घटनांमध्ये सेकंदाचा जो काही तुकडा सांडतो, तो भरून काढण्याचा पगार घेणारी माणसं ओसाकापासून पुण्यापर्यंत बसलेली आहेत.

या ‘अ‍ॅक्शन हॉरर’ खेळांबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते मी कुणी विचारायची वाट न बघता सांगतो. त्यांत भूत घाबरवत नाही, पाय घाबरवतात. झोंबी, पिशाच्च, करवत घेतलेला गावकरी ही सगळी निमित्तं. आपण बटण दाबलं की आपला माणूस किती ऐकतो, यावर त्या रात्रीची झोप ठरते. फार आज्ञाधारक निघाला तर भीती संपली, उरली नुसती हाणामारी. अजिबात ऐकेना तरीही भीती संपली, उरला संताप. आणि संतापलेला माणूस भुताला भीत नाही, तो कंट्रोलर गादीवर आपटतो. (भिंतीवर आपटत नाही. कंट्रोलर पाच-सहा हजारांना येतो.) या दोन टोकांमधली जागा अंगठ्याएवढी आहे, आणि तीस वर्षं झाली, मोठमोठे लोक तिथे उभं राहायची धडपड करताहेत.

यातला नावाजलेला पहिला खेळ म्हणजे १९९६ साली आलेला कॅपकॉम कंपनीचा ‘रेसिडेंट ईव्हिल’. जपानात त्याचं नाव ‘बायोहॅझर्ड’, दिग्दर्शक शिंजी मिकामी. तसं बघायला गेलं तर या पद्धतीचा पाया १९९२च्या ‘अलोन इन द डार्क’ या फ्रेंच खेळाने घातला होता, पण नाव झालं जपान्यांचं. एक जुनी हवेली, आत झोंबी, आणि आपण पोलिसांच्या खास पथकातला ख्रिस नाहीतर जिल. ख्रिसच्या खिशात सहाच वस्तू मावतात, जिलच्या आठ. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात या जागतिक तक्रारीविरुद्ध एवढा एकच पुरावा मला आजवर सापडला आहे.

तेव्हाच्या प्लेस्टेशनला अख्खी हवेली तिच्या झुंबरांसकट दर क्षणाला त्रिमितीत काढणं झेपणारं नव्हतं. म्हणून खोल्या आधीच चितारून ठेवल्या आणि त्या चित्रांवरून त्रिमितीतली माणसं फिरवली. चित्र हलत नाही, म्हणजे कॅमेराही हलत नाही. एका खोलीत तो छताच्या कोपऱ्यात, पुढच्या वळणावर जमिनीलगत, त्यापुढे खिडकीबाहेर. आता अडचण बघा. तुम्ही पडद्यावर उजवीकडे चालला आहात. दोन पावलांनी कॅमेरा समोरच्या भिंतीवर उडी मारतो आणि तुमची उजवी बाजू डावी होते. बटणं पडद्याच्या हिशेबाने चालणारी असतील तर तुमचा माणूस गर्रकन वळून आल्या वाटेने परत जाणार. परत गेला की कॅमेरा पुन्हा पहिल्या जागी, म्हणजे माणूस पुन्हा उलटा. बिचारा सकाळपर्यंत उंबरठ्यावर येरझारा घालील आणि झोंबीला त्याच्यापर्यंत यायचेही कष्ट पडणार नाहीत.

यावर उपाय निघाला तो असा, की बटणांनी पडद्याकडे बघायचंच नाही, माणसाकडे बघायचं. ‘वर’ म्हणजे त्याच्या नाकासमोर, मग कॅमेरा कुठेही लटकलेला असो. ‘डावं’ आणि ‘उजवं’ म्हणजे जागच्या जागी वळणं. ‘खाली’ म्हणजे तोंड आहे तिकडेच ठेवून मागे सरकणं. मूळ प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला अंगठ्याने फिरवायची स्टिक नव्हतीच, ती १९९७ साली आली. चार दिशांची चार बटणं, त्यांत हे बरोबर बसलं. पुढे लोकांनी या प्रकाराला ‘टँक कंट्रोल्स’ असं नाव देऊन त्याची यथेच्छ टवाळी केली. टवाळी करणाऱ्यांनी आधी त्या उंबरठ्यावर एक रात्र काढावी असं माझं म्हणणं आहे. मात्र रणगाड्याची उपमा मला पटत नाही, रणगाडा फार चपळ झाला. ही हालचाल चाळीच्या जिन्यातून लोखंडी कपाट वळवल्यासारखी आहे. आधी थांबा. वळवा. अजून थोडं. अजून. हां, बस्स. आता पुढे. आणि हे सगळं चालू असताना वरच्या पायरीवर झोंबी उभा आहे.

बंदुकीचं प्रकरण याहून थोर. एक बटण दाबून धरलं की माणूस बंदूक उगारतो, आणि उगारली की त्याचे पाय जमिनीत रुततात. चालायचं किंवा मारायचं, दोन्ही एकदम नाही. खास प्रशिक्षण घेतलेलं पोलीस पथक, पण चालता चालता गोळी झाडण्याचा तास बहुधा सगळ्यांनी बुडवलेला. असल्या पथकाला आपल्याकडे गणपतीच्या बंदोबस्तालाही कुणी नेमणार नाही. पण गंमत अशी की झोंबीही तितकाच मंद आहे. दोघेही अडखळत एकमेकांकडे येतात, तुम्ही गोळ्या मोजता, तो पावलं टाकतो, आणि या संथ हिशेबात घाम फुटतो. सगळं असं बेताने चाललेलं असताना एका बोळातून जाताना खिडकीची काच फुटते आणि कुत्रा आत येतो. कुत्र्याला कपाटाची अडचण कुणी सांगितलेली नसते.

मालिकेच्या तिसऱ्या भागात, १९९९ साली, एका झटक्यात पाठमोरं वळायची सोय झाली. माणसाला मागे वळून बघता यावं एवढ्यासाठी कंपनीला तीन वर्षं लागली. सरकारी कामाच्या मानाने हे लवकरच म्हणायचं.

आमच्या घरी हे खेळ आले ते कॉम्प्युटरवर, आणि कीबोर्ड एकच. त्यामुळे चुलतभावाने चालायचं आणि मी गोळ्या झाडायच्या अशी वाटणी झाली. मी नेम धरला की खेळाच्या नियमाने पाय थांबत, म्हणजे तो जीव घेऊन पळत असताना मी त्याच्या पायांत कायदेशीररीत्या खोडा घालत असे. ‘अरे सोड ना बटण!’ ‘सोडलं तर मारू कसा?’ ‘मारू नकोस, पळू दे!’ ‘मग मी इथे कशाला बसलोय?’ एवढा संवाद होईपर्यंत झोंबीचं जेवण सुरू झालेलं असे. त्यातून खेळ जतन करायचा तर हवेलीतला टाइपरायटर गाठावा लागे, त्याला शाईची रिबिन लागे आणि रिबिनी मोजक्या. बाहेर भारनियमनाचे दिवस. त्या अख्ख्या हवेलीत आम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती आमच्याच भिंतीवरच्या घड्याळाची.

त्याच १९९९ साली कोनामीचा ‘सायलेंट हिल’ आला. इथला नायक हॅरी मेसन पोलीस नाही, शिपाई नाही, चक्क लेखक आहे. धुक्याने भरलेल्या गावात हरवलेली मुलगी शोधत फिरतो. भरधाव पळताना भिंत आली तर हात पुढे करून तिच्यावर जाऊन थडकतो. जरा धावला की धापा टाकतो. बंदूक हातात आहे, पण जवळून झाडलेली गोळीही चुकवतो. लेखक या प्राण्याचं इतकं प्रामाणिक चित्रण मी साहित्यातही फारसं पाहिलेलं नाही. पण यातलं कसब बघण्यासारखं आहे. माणूस ऐकत नाही याचं खापर इथे बटणांवर फुटत नाही. आपण म्हणतो, त्या बिचाऱ्याला सवय नाही. दोष यंत्राचा होता, तो पात्राच्या गळ्यात घातला, आणि वर आपल्याला त्याची दया आली. दुसऱ्या भागात, २००१ साली, त्यांनी आणखी एक बारीक काम केलं. जवळपास उचलण्यासारखी वस्तू असली की नायक आपोआप तिकडे मान वळवतो. ना बाण, ना चमचमणारी खूण. घरात लाडू कुठे ठेवलेत हे जसं लहान पोराच्या नजरेवरून कळतं, तसं. याच भागात चालण्याच्या दोन पद्धतींपैकी हवी ती निवडायची मुभाही दिली, म्हणजे नवरा-बायकोने आळीपाळीने खेळावं आणि सेटिंग बदलायचं राहिलं म्हणून भांडावं.

मिकामींनी पुढे २०१४ साली ‘द ईव्हिल विदिन’ केला तेव्हा त्यातल्या पोलिसाचा दम सुरुवातीला इतका तोकडा ठेवला, की चार पावलं जोरात पळाला की जागीच थांबून धापा टाकतो. लोक म्हणाले, सिगारेटी ओढत असणार. बघा, पुन्हा खापर पात्रावर.

आता उलट बाजू. कॅपकॉममध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल’चा चौथा भाग करायला घेतला तेव्हा हिदेकी कामिया यांच्या हाताखाली जो पहिला प्रयत्न झाला, त्यातला नायक अतिच चपळ निघाला. उड्या काय मारतो, तलवार काय फिरवतो, शत्रूला हवेत उडवून वरच्या वर गोळ्या काय घालतो. असल्या माणसाला बघून भुतंच वाड्याबाहेर झोपायला जातील. शेवटी तो वेगळाच खेळ आहे असं ठरलं आणि २००१ साली ‘डेव्हिल मे क्राय’ या नावाने तो बाहेर आला. उत्तम खेळ, पण भीती औषधालाही नाही. माझ्या मताला याहून सज्जड पुरावा कुणी मागू नये.

खरा चौथा भाग आला २००५ साली. मिकामी पुन्हा गादीवर बसले आणि त्यांनी कॅमेरा छतावरून काढून नायकाच्या उजव्या खांद्यामागे ठेवला. आज निम्म्या जगाचे खेळ त्या खांद्यामागून दिसतात. समोरचं लख्ख दिसायला लागलं, पाठीमागचं अजिबात दिसेना. पण पायांची जुनी खोड त्यांनी मुद्दाम ठेवली. नेम धरला की पाय गच्च. स्पेनमधलं एक खेडं, कुऱ्हाडी-कोयते घेतलेला अख्खा गाव अंगावर येतोय आणि आपण एका जागी उभे राहून बंदुकीचा लाल ठिपका कुणाच्या गुडघ्यावर धरायचा याचा विचार करतोय. या गावाची सभ्यता मात्र वाखाणण्यासारखी. लोक लांबून धावत येतात आणि जवळ आले की चालायला लागतात. पाहुण्याला नेम धरल्यावर हलता येत नाही, अशा वेळी एकदम अंगावर जाणं बरं दिसत नाही, असा ग्रामसभेत ठराव झालेला असावा. ही सभ्यता नसती तर तो खेळ पहिल्याच गल्लीत संपला असता. राक्षसाचा वेग आणि आपल्या पायांची बेडी ही एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर लिहायची असते.

याच खेळात एक दुष्ट डाव होता. पडद्यावर निवांत सिनेमा चालू होतो, दोन माणसं जुन्या गोष्टी बोलत असतात. खेळणारा कंट्रोलर मांडीवर ठेवून चहाचा कप उचलतो. तेवढ्यात सुरी येते, बटणाची खूण चमकते आणि ती दाबायला सेकंदभराचाही अवधी नसतो. चहा पिणारा मरतो. सिनेमा पहिल्यापासून. २०२३च्या नव्या आवृत्तीत हे प्रकार जवळजवळ काढून टाकले आहेत. चहावाल्यांचा हा मोठा विजय, पण त्याची कुठे बातमी आली नाही.

पुढे लोकांची सहनशक्ती संपली. दुसऱ्या कंपन्यांचे नायक चालता चालता गोळ्या झाडू लागले होते. ‘डेड स्पेस’मधला (२००८) आयझॅक क्लार्क तर साधा इंजिनीअर, तोही नेम धरून दोन पावलं सरकू शकतो. मग पोलिसांना का जमू नये? सहाव्या भागात, २०१२ साली, कॅपकॉमने सगळ्या बेड्या एकदम तोडल्या. नायक पळता पळता मारतो, घसरत जातो, लोळण घेतो, पाठीवर पडल्या पडल्या गोळ्या झाडतो. खेळणाऱ्यांनी इतकी वर्षं मागितलेलं सगळं दिलं, आणि खेळणारेच म्हणाले, आता भीती वाटत नाही. ग्राहक हा देव असेल, पण त्याला नवस काय बोलावा हे कळत नाही.

यातून त्यांनी जी वाट काढली ती मला फार आवडते. २०१९ साली दुसरा भाग नव्याने केला. त्यात चालत चालत खुशाल नेम धरा, कुणी अडवत नाही. फक्त चाललात की नेमाची खूण फाकते आणि गोळी कुठेही जाते. क्षणभर थांबलात की ती खूण हळूहळू आवळत येते. समोरून झोंबी डोकं हेलकावत येतोय. थांबलो तर गोळी लागेल, पण तो पोचेल. सरकलो तर वाचू, पण गोळी वाया जाईल. जुन्या खेळाने पाय बांधले होते, नव्याने पाय मोकळे सोडले आणि थांबायचं पाप आपल्याच माथी मारलं. त्यात वरच्या मजल्यावर एक धिप्पाड इसम बूट आपटत तुम्हाला शोधत फिरत असतो. तो दिसत नाही तेव्हाच जास्त छळतो. इथे तर भुताचेच पाय घाबरवतात. त्याआधी २०१७च्या सातव्या भागात त्यांनी कॅमेरा थेट नायकाच्या डोळ्यांत नेला आणि चेहऱ्यासमोर हात धरायचं एक बटण दिलं. घाबरण्यासाठी वेगळं बटण असलेला खेळ मला व्यक्तिशः फार प्रामाणिक वाटतो.

स्टिकचाही एक किस्सा आहे. २००० साली प्लेस्टेशनवर ‘एलियन रिसरेक्शन’ नावाचा खेळ आला. डाव्या स्टिकने चालायचं, उजव्या स्टिकने बघायचं. तेव्हाच्या एका समीक्षणात ठणकावून लिहिलं होतं की या खेळात सगळ्यात भयंकर काही असेल तर ती ही चालवण्याची पद्धत. आज जगातला जवळजवळ प्रत्येक असा खेळ डाव्या स्टिकने चालतो आणि उजवीने बघतो. त्या समीक्षकाला हसायचा मोह होतो, पण मी हसत नाही, कारण मी माझ्या बहिणीला खेळताना पाहिलं आहे.

माझा भाचा पुण्यात गेम डिझाइन शिकतो. त्याने जुन्या वाड्यातल्या भुताचा एक खेळ करायला घेतला आणि पहिली चाचणी आईवर केली. ताईच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर. दोन्ही अंगठे एकदम पुढे ढकलले. परिणामी नायक नाकाने भिंत घासत चालू लागला आणि त्याची नजर वर छताला लागली. ती खाली येईना. मागून भूत आलं, केस मोकळे सोडले, किंचाळलं, दोनदा अंगावरून गेलं, आणि ठरवून दिलेला प्रयोग संपवून निघूनही गेलं. ताई म्हणाली, ‘कडीपाट छान काढलायस रे.’

‘आई, भूत दिसलं का?’

‘कुठे? वर तर काही नव्हतं.’

त्या दिवसापासून भाच्याने भुताचं एक दर्शन कडीपाटावर ठेवलं आहे. मला तो मुलगा पुढे जाईल असं वाटतं.

त्याच्या खेळात दुसरीही एक भानगड निघाली. वाड्यातलं भूत त्याने नायकापेक्षा थोडं वेगवान ठेवलं होतं, म्हणजे सरळ पळणारा सापडलाच पाहिजे. पण शेजारचा एक पोरगा काही केल्या सापडेना. बघितलं तर तो तिरका पळत होता. पुढचं आणि उजवीकडचं बटण एकदम दाबलं की दोन्ही वेग एकत्र होतात आणि माणूस कर्णाच्या लांबीने पळतो. १ आणि १ या बाजूंचा कर्ण १.४१, म्हणजे वेगात ४१ टक्के वाढ, तीही फुकट. शाळेत ज्याने पायथागोरस ऑप्शनला टाकला त्याच्या खेळात हे होतंच. आणि भाचा एकटा नाही. ‘डूम’ (१९९३) आणि ‘गोल्डनआय’ (१९९७) या जगप्रसिद्ध खेळांतही तिरकं पळणं सरळ पळण्यापेक्षा वेगवान होतं. कमीत कमी वेळात हे खेळ संपवायच्या पैजा लावणारे आजही सगळीकडे खेकड्यासारखे तिरके धावत असतात. भाच्याने वेग एका ओळीत दुरुस्त केला आणि शेजारचा पोरगा त्या रात्री भुताच्या हाती लागला. तो रागावून म्हणाला, ‘आधी चांगलं होतं.’

‘मामा, तुला वाटतं चालणं म्हणजे एक गोष्ट,’ असं म्हणत भाच्याने मला एक तक्ता दाखवला. त्यात नायकाच्या बारा अवस्था लिहिलेल्या. उभा, चालतोय, पळतोय, वाकलाय, नेम धरलाय, गोळ्या भरतोय, शिडीवर आहे, दार उघडतोय, कागद वाचतोय, भुताने धरलाय, पडलाय, मेलाय. एका वेळी माणूस एकाच अवस्थेत. आणि प्रत्येक अवस्थेतून दुसरीत जाता येतं का, हे स्वतंत्रपणे ठरवायचं. बारा अवस्थांमधून असे १३२ निर्णय निघतात. शिडीवर असताना भुताने धरलं तर आधी शिडी सुटते की आधी मान? गोळ्या अर्ध्या भरल्यात आणि पळायचं बटण दाबलं, तर भरलेल्या तेवढ्या राहतात की सगळ्या सांडतात? कागद वाचताना भूत आलं तर ते वाचन पुरं होईपर्यंत शेजारी उभं राहतं का? त्या तक्त्यात वाद न होणारी ओळ एकच होती. कोणत्याही अवस्थेतून मरता येतं आणि मेल्यावर कुठेही जाता येत नाही. तीही झोंबीच्या खेळात टिकत नाही.

यातल्या बहुतेक निर्णयांत खेळणाऱ्याच्या बाजूने थोडं खोटं बोलावं लागतं. माणूस घाबरला की बटण आधीच दाबतो, हालचाल पुरी व्हायच्या आत. खेळाने ते बटण क्षणभर लक्षात ठेवायचं आणि वेळ आली की वापरायचं. न ठेवलं तर खेळणारा शपथेवर सांगतो की मी दाबलं होतं, आणि तो खरंच बोलत असतो. फार वेळ लक्षात ठेवलं तर उलटंच होतं. भूत केव्हाच निघून गेलेलं असतं आणि आपला माणूस रिकाम्या ओसरीवर काठ्या फिरवत बसतो.

पायांची ही गोष्ट काही लोकांनी थेट टोकाला नेली. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने २०१० साली ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ काढला. हत्यार नाहीच. फक्त पळायचं आणि लपायचं. आणि दार उघडायला बटण दाबून भागत नाही, माउसचं बटण धरून माउस खरोखर ओढावा नाहीतर ढकलावा लागतो. एरवी सोपं आहे. पण मागून काहीतरी गुरगुरत येत असताना दार आत उघडतं की बाहेर, हे आठवायला गेलात की संपलं. बँकेच्या काचेच्या दाराशी ज्यांना दिवसाढवळ्या हे जमत नाही, त्यांचं तिथे काय होत असेल? २०१४ साली आलेल्या ‘पी. टी.’ नावाच्या छोट्या खेळात तर एक काटकोनात वळणारा बोळ, तोच पुन्हा पुन्हा. करता काय येतं? चालता येतं आणि निरखून बघता येतं. पळायचं बटणच ठेवलेलं नाही. मी बटणं सगळी दाबून बघितली. सगळेच दाबून बघतात.

आता जी तरुण मंडळी आपल्याकडे असले खेळ करू बघताहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती. राक्षसाचे दात कोरण्यात वर्ष घालवण्याआधी रिकाम्या खोलीत एक ठोकळा चालवून बघा. वळताना मजा येत नसेल तर त्या ठोकळ्याला मिशा लावून काही होणार नाही. पहिला तासभर तुमच्या आईच्या हातात कंट्रोलर द्या आणि मागे उभं राहून गप्प बसा. कॅमेरा वर-खाली उलटा करायची सोय ठेवा, म्हणजे निदान मित्रांमित्रांतले संबंध टिकतील. भुताला जरूर वेगवान करा, पण त्याला थोडी ग्रामसभेची सभ्यता शिकवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दार उघडायचं आणि कागद वाचायचं बटण एकच ठेवू नका. मागे भूत लागलेलं असताना, दार हातभर अंतरावर असताना, आमचा माणूस दाराशेजारच्या टेबलापाशी थांबून कुणाची तरी जुनी डायरी शांतपणे वाचायला लागतो, आणि ती आम्हाला शेवटच्या पानापर्यंत वाचावी लागते.